कर्त्याची जागा

माझे आजोबा मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले त्याला बारा वर्षे लोटली होती, तरी घरात येणारा कोणताही कागद, मग ती लग्नाची पत्रिका असो, वाण्याची यादी असो की माझे प्रगतिपुस्तक असो, ते हातात घेतल्याबरोबर प्रथम उलटा करून पाहत. पाठीमागे काही लिहिलेले नाही याची खातरजमा झाली म्हणजे सुलटा करीत, मग तळाशी सही आहे की नाही ते बघत, आणि त्यानंतरच चष्मा सारखा करून मजकुराकडे वळत. मजकूर काय कोणीही लिहील, कागद उभा राहतो तो सहीवर, असे त्यांचे मत होते. १९७३ सालच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटातून ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा एक अंक बाहेर घरंगळला तेव्हा त्यांनी मला मारले नाही, की आवाजही चढवला नाही. त्यांनी तो अंक उलटा केला, सुलटा केला, शेवटच्या पानाचा तळ निरखला, आणि एवढेच विचारले, “याच्यावर सही कुठाय? कर्ता कोण?”

मला उत्तर देता आले नाही. तो अंक मुळात माझा नव्हताच. आमच्या सावंतवाडीत एका सायकल-दुरुस्तीच्या दुकानाच्या पडवीत सुतळी ताणून तिच्यावर कपडे वाळत घालावेत तशी ही पुस्तके टांगलेली असत, आणि अनामत ठेवून ती दिवसाच्या भाड्याने घरी नेता येत. शेकडो तेलकट बोटांतून गेलेल्या या अंकाचे मुखपृष्ठ आणि पहिले पान केव्हाच गळून पडले होते. त्यामुळे कथा एकदम घोड्याच्या टापांतच सुरू होई, आणि जिथे नावे छापायची ती जागाच शिल्लक नव्हती. जप्त झालेला माल आजोबांच्या लाकडी पेटीत गेला, आणि इकडे दुकानदाराच्या वहीत माझ्या नावावर भाडे चढू लागले. भूगोलाचा पेपर मी त्या भाड्याच्या हिशेबातच सोडवला.

नायक अर्थातच वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांतून सुरू केलेला ‘फँटम’, म्हणजे अंगाला चिकटलेला वेश, डोळ्यांवर मुखवटा आणि त्या मुखवट्याआड बुबुळे नसलेले पांढरे डोळे या साऱ्या थाटाचा आद्य पुरुष, सुपरमॅनच्याही आधी दोन वर्षे अवतरलेला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ साली इंग्रजीत आरंभलेली ‘इंद्रजाल’ मालिका पुढे मराठीतही येऊ लागली आणि फँटमचा वेताळ झाला. हे नामकरण ज्या कोणा अज्ञात भाषांतरकाराला सुचले त्याला मी आजही मनोमन नमस्कार करतो, कारण त्याने एका परदेशी पाहुण्याला आमच्या गावाच्या वेशीवर आणून उभे केले. माझी आजी गोव्याकडची. तिकडे वेताळ म्हणजे बेताळ, म्हणजे ग्रामरक्षक देव. तो रात्री गावाच्या सीमेवर फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याच्यापुढे चामड्याच्या नव्या वहाणा आणून ठेवतात. मी जमिनीवर अंक पसरून वाचत बसलो होतो आणि माझा पाय पानाला लागला, तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “पायाक लावू नको रे, देव आसा तो.” चित्रातल्या माणसाच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट होते, हे तिने पाहिले होते आणि तिची खात्री पटली होती.

आजोबांचे आकलन निराळे. जप्त केलेला अंक त्यांनी वाचला, हे मला त्यांच्याच एका प्रश्नावरून कळले. जेवताना त्यांनी विचारले, हा एकविसावा म्हणजे काय? मी सांगितले, की वेताळ अमर नाही. बाप मेला की मुलगा तोच वेश चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो, तीच शपथ घेतो, आणि जंगलातल्या लोकांना वाटते की चारशे वर्षे हा एकच पुरुष फिरतो आहे. आजोबांनी भाताचा घास थांबवला. “म्हणजे वतन आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले. पुढे मी या विषयावर इंग्रजीत छापलेले बरेच काही वाचले, पण फॉकच्या कल्पनेचा इतका नेमका अर्थ कोणी सांगितलेला माझ्या पाहण्यात नाही.

परंतु त्यांचा पहिला प्रश्न माझ्या मनात रुतून बसला तो बसलाच. भाडे मिटल्यावर मी पुन्हा त्या पडवीत जाऊ लागलो, पण आता गोष्टीआधी कोपरे तपासू लागलो. नवे अंक, ज्यांची मुखपृष्ठे अजून अंगावर होती, ते हातात आले की मी खालच्या बाजूला बोट फिरवी. आणि असेच एका मुखपृष्ठाच्या कडेला, गवताच्या पात्यांत लपल्यासारखे, ‘बी. गोविंद’ असे नाव सापडले. वेताळाची चित्रे अमेरिकेतून येत, पण मुखपृष्ठे मुंबईत गोविंद ब्राह्मणिया रंगवीत, आणि १९७६ साली आबिद सुरतींनी निर्मिलेल्या ‘बहादूर’ या आपल्या मातीतल्या नायकाला पहिले रूप त्यांनीच दिले, हे मला फार पुढे समजले. त्या दिवशी एवढेच कळले, की जो वाघ झेप घेतो आहे तो कोणाच्या तरी हातून झेप घेतो आहे. हे ज्ञान म्हटले तर क्षुद्र आहे. पण तेथपासून मी नायकाचा राहिलो नाही, त्या हाताचा झालो.

त्याच मे महिन्यात आजोबा मला कुडाळजवळच्या पिंगुळीला घेऊन गेले. तिथल्या ठाकर मंडळींकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पोथी म्हणजे सुट्या कागदांचा गठ्ठा; प्रत्येक कागदावर रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग रंगवलेला, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, आणि गाणारा वीणा-हुडुक्याच्या साथीवर कथा सांगत एकामागून एक चित्र पुढे करणारा. चौकटीमागून चौकट, प्रसंगामागून प्रसंग. रथाचे घोडे सगळे एका बाजूला तोंड करून, डोळे माशासारखे, आणि बाण सुटताना त्याच्या वाटेची रेघही काढलेली. आजोबांनी सवयीप्रमाणे एक कागद उलटून पाहिला, तर मागेही चित्रच. सही नव्हती. त्यांनी विचारले, हे कोणी काढले? म्हाताऱ्या गायकाने सांगितले, वाडवडलांनी. “त्यांची नावे?” गायक हसला. आजोबांना ते हसणे आवडले नसावे, कारण परतताना एसटीत ते बराच वेळ गप्प होते, आणि मग बाहेर पाहत म्हणाले, “एवढे काम, आणि कागदोपत्री काहीच नाही.”

सातआठ वर्षांनी मी पुण्यास शिकायला गेलो आणि एका रद्दीच्या दुकानात, जुन्या अमेरिकन मासिकांच्या थप्पीत, वजनावर विकायला ठेवलेले ‘फँटास्टिक फोर’चे तीन अंक माझ्या हाती लागले. मी पान उघडले आणि अक्षरशः मागे सरलो. वेताळाच्या चित्रातली माणसे शिस्तीने उभी असत, त्यांच्याभोवती जंगल असे, त्यांना वेळ असे. इथे पानातून एक मूठ माझ्या चष्म्याकडे येत होती. तिच्यामागे खांदा एवढासा, त्याच्यामागे डोके त्याहून लहान, आणि मागे उरलेल्या जागेत एक अख्खे शहर कोसळत होते. त्या मुठीची बोटे चौकोनी होती, दगडी पाट्यावर टाकी मारून काढल्यासारखी; यंत्रांवर काळ्या चमकदार वळ्या धावत होत्या; आणि जिथे आकाश हवे तिथे काळे वाटोळे ठिपके उकळत्या काकवीसारखे फुगून फुटत होते. या ठिपक्यांना चाहते ‘कर्बी क्रॅकल’ म्हणतात. मी पहिल्या पानाच्या तळाशी गेलो. तिथे, आश्चर्य म्हणजे, सगळ्यांची नावे होती: लेखक कोण, शिसपेनीने चित्र काढणारा कोण, त्यावर शाई फिरवणारा कोण, फुग्यांतली अक्षरे काढणारा कोण. चित्रकाराचे नाव जॅक कर्बी.

कर्बीचे चरित्र मी नंतर तुकड्यातुकड्यांनी जमवले. २८ ऑगस्ट १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गजबजलेल्या गरीब वस्तीत, कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबणाऱ्या एका ज्यू स्थलांतरिताच्या घरी तो जन्मला. मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. गल्लीतल्या टोळ्यांच्या मारामारीत वाढला, आणि मारामारी कशी दिसते हे त्याच्या स्नायूंना आयुष्यभर आठवत राहिले. जो सायमनच्या जोडीने त्याने ‘कॅप्टन अमेरिका’ उभा केला. मार्च १९४१ ही तारीख मिरवणाऱ्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक प्रत्यक्ष हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे, आणि त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. ती उतरली, आणि १९४४ साली कर्बी स्वतः पायदळातला शिपाई म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोचला. हा तो कॅप्टन अमेरिका काढणारा, असे समजताच एका अधिकाऱ्याने त्याला बढती दिली नाही, सुरक्षित कचेरीत बसवले नाही. चित्रे काढता येतात ना, मग शत्रूच्या हद्दीत पुढे जा आणि नकाशे काढून आण, असा हुकूम केला. कलावंताचा सन्मान करण्याची ही तऱ्हा सरकारी खाक्याला साजेशीच होती. हिवाळ्यात त्याचे पाय हिमाने इतके बाधले, की ते कापावे लागतात की काय अशी वेळ आली होती.

युद्धानंतर लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात, ज्याला घरची माणसे ‘अंधारकोठडी’ म्हणत, हा ठेंगणा मनुष्य रात्री उशिरापर्यंत चिरूट ओढीत पाटावर वाकलेला असे. तो आधी कच्चा आराखडा फारसा करीत नसे. कागदावर जणू चित्र आधीच आहे आणि आपण फक्त धूळ पुसतो आहोत अशा रीतीने तो रेघा ओढी, असे पाहणारे सांगतात. स्टॅन ली या संपादक-लेखकाबरोबर त्याने १९६१ पासून ‘फँटास्टिक फोर’चे सलग १०२ अंक काढले. आता या दोघांच्या कामाची वाटणी मोठी गहन आहे, आणि आजोबांच्या प्रश्नाची खरी कसोटी तिथेच लागते. ‘मार्व्हल पद्धत’ म्हणून जिचा बोलबाला झाला तीत लेखक पूर्ण संहिता लिहून देत नसे. दोघांची बोलणी व्हायची, कधी नुसती फोनवर, मग चित्रकार वीस पानांची गोष्ट मनाने रचून चितारायचा, आणि ती पाने आल्यावर लेखक फुग्यांत संवाद भरायचा. १९६६ च्या अंकांसाठी ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची कथा ठरली. पाने आली तेव्हा स्टॅन लीला त्यांत एक चंदेरी, विवस्त्र, फळीवर उभा राहून अंतराळात तरंगणारा पुरुष दिसला, ज्याच्याविषयी बोलण्यात चकार शब्द निघाला नव्हता. हा कोण, असे विचारल्यावर कर्बीचे म्हणणे असे, की एवढ्या बलाढ्य प्राण्याला पुढे धाडायला एखादा हरकारा नको काय? तो हरकारा म्हणजे सिल्व्हर सर्फर. ही हकिकत स्टॅन लीने स्वतःच अनेकदा मोकळेपणाने सांगितली आहे. पानावर मात्र लेखक एक आणि चित्रकार एक, अशी सुटसुटीत विभागणी छापलेली होती. मी स्टॅन लीला खलपुरुष ठरवणाऱ्यांपैकी नाही. त्याच्या खट्याळ, फुशारक्या मारणाऱ्या संवादांवाचून ती दगडी माणसे मुकी राहिली असती, आणि पानाच्या तळाशी अक्षरे काढणाऱ्याचेही नाव छापण्याची रीत नेमाने चालवली ती त्यानेच. पण नाव छापणे वेगळे आणि सातबाऱ्यावर नाव चढवणे वेगळे, हे शिरस्तेदाराच्या नातवाला कोणी शिकवायला नको.

कर्बीवर माझा जीव आहे, पण स्टीव्ह डिटको मला अधिक जवळचा वाटतो, हे कबूल करायला हवे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात स्पायडरमॅन प्रथम आला तो डिटकोच्या हातचा. कर्बीचे नायक देव आहेत. डिटकोचा नायक मॅट्रिकला बसलेल्या मुलासारखा आहे, किडकिडीत, खांदे पुढे काढून चालणारा, घरभाड्याची चिंता करणारा. आणि त्याने त्याचा चेहरा पूर्ण झाकून टाकला! वेताळाची निदान हनुवटी दिसते, तोंड दिसते. इथे काही नाही. मग दुःख कुठे दाखवायचे? डिटकोने ते हातांत दाखवले. त्याच्या चित्रातली बोटे मी तासन्‌तास पाहिली आहेत: वाकलेली, ताणलेली, हवेत काही चाचपणारी, नर्तकाच्या हस्तमुद्रेसारखी अर्थ धरून थिजलेली.

स्पायडरमॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या फेब्रुवारी १९६६ च्या ३३व्या अंकातली सुरुवातीची पाने मी इतक्यांदा उघडली आहेत, की माझ्या प्रतीचा कणा तिथेच मोडला आहे. नायकाची मे काकू इस्पितळात मरणपंथाला लागलेली. तिला वाचवणारे औषध एका नळकांड्यात, समोर चार हातांवर पडलेले. आणि नायक एका अवाढव्य लोखंडी यंत्राखाली चिरडला जाऊन पालथा पडलेला, वरून पाणी ठिबकते आहे. नायक यंत्र उचलणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. डिटको ते उचलायला पाने घेतो. आरंभीच्या चौकटी लहान आणि दाटीवाटीच्या, प्रत्येकीत वरचे तीन हिस्से लोखंड आणि खाली इवलासा मनुष्य. तो प्रयत्न करतो, हरतो, मान टाकतो. एका चौकटीत त्याचे डोके दोन्ही तळव्यांमध्ये झुकलेले आहे, आणि मुखवट्याच्या त्या निर्विकार पांढऱ्या डोळ्यांत मला कधीकधी पाणी दिसले आहे, जे तिथे काढलेले नाही. मग हळूहळू चौकटी उंच होऊ लागतात. लोखंडाचा हिस्सा कमी होतो, माणसाचा वाढतो. आधी कोपर टेकते, मग गुडघा, मग पाठीची कमान. आणि पान उलटावे तर पुढचे सगळे पान म्हणजे एकच चौकट, ज्यात तो उभा आहे आणि यंत्र मागे कलंडते आहे. गोष्टीत तो यंत्र उचलतो. कागदावर मात्र तो चौकटच उचलतो. या अंकांची कथा डिटको स्वतः रचीत होता आणि तसा उल्लेखही छापला जात होता. पुढे पाच अंक काढून तो निघून गेला. नंतरची पन्नासएक वर्षे त्याने मुलाखत दिली नाही, आपला फोटो काढू दिला नाही. मॅनहॅटनमधल्या एका लहानशा खोलीत काम करीत राहिला, आणि २०१८ च्या जूनमध्ये आपल्या राहत्या घरी एकाकी मृतावस्थेत सापडला. माझे काम माझ्यावतीने बोलेल, अशी त्याची धारणा होती. कर्ता कोण या प्रश्नाला सही न करता दिलेले हे एक उत्तर.

आता कागदांच्या पाठी. सुपरमॅनची चित्रे जो शुस्टरने क्लीव्हलंडच्या थंडगार घरात हातमोजे घालून काढली, आईच्या कणीक मळण्याच्या फळीचा पाट करून. आठवड्यातून एकदा शब्बाथच्या पावासाठी ती फळी आईला परत द्यावी लागे. तेरा पानांचे पानाला दहा डॉलर, म्हणजे १३० डॉलर, आणि त्यात हक्कांसकट सारे काही विकले. १ मार्च १९३८ चा तो धनादेश इतर कामांचे पैसे धरून ४१२ डॉलरांचा होता, आणि त्यावर लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोघांचीही आडनावे चुकीची लिहिलेली होती. म्हणून पाठीमागे त्यांना दोनदा सही करावी लागली: एकदा चुकलेल्या नावाने, एकदा खऱ्या. हे वाचले तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि मला त्यांना हाक मारावीशी वाटली. हेच ते, ज्यासाठी ते कागद आधी उलटा करीत! पुढे शुस्टरची दृष्टी जात चालली आणि सीगलही हलाखीत पडला. १९७५ साली नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन प्रभृती चित्रकारांनी बोभाटा केला तेव्हा कुठे दोघांना सालीना २०,००० डॉलरांची तैनात बांधून मिळाली, आणि सुपरमॅनवर त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. तो धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरांना गेला. वस्तू विकून जे मिळाले त्याहून वस्तू विकल्याची पावती शेकडो पटींनी महाग ठरली.

कर्बीची गोष्ट याच्याही पलीकडची. त्याने काढलेली मूळ पाने प्रकाशकाच्या गोदामात होती. ऐंशीच्या दशकात इतर चित्रकारांना एक पानी कागदावर सही घेऊन त्यांची चित्रे परत मिळू लागली. कर्बीपुढे मात्र चार पानी फारखत आली, आणि बदल्यात देऊ केलेली पाने किती, तर ८८. ज्याने दहा हजारांवर पाने चितारली होती त्याला! फारखतीची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, की तीत ‘आजवर’, ‘यापुढे’ आणि ‘कोणत्याही प्रकारे’ हे तीन शब्द आले म्हणजे माणसाच्या हाती काही उरत नाही. कर्बीने सही केली नाही. सहव्यवसायी चित्रकार आणि वाचक त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने त्याच्या घरी आली. बाकीची वाटेत कुठे कुठे गळाली ते गोदामाच्या भिंतींना माहीत. १९९४ साली तो वारला. वारसांचा दावा पुढे चालू राहिला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये आपसात मिटला. तेव्हापासून चित्रपटांच्या नामावळीत त्याचे नाव ठळकपणे दिसू लागले. ते चित्रपट मी पाहतो. चित्रगृहातला झाडूवाला पोऱ्या माझ्या रांगेशी येऊन ताटकळतो आणि मी ती बारीक अक्षरे संपेपर्यंत उठत नाही.

आणि डिटको? त्यालाही त्याची पाने परत मिळाली होती. त्याच्या खोलीवर गेलेल्या एका गृहस्थाने सांगितले आहे, की ज्या एका पानापायी संग्राहकांनी घरदार गहाण टाकले असते ते डिटकोने टेबलावर पसरून त्यावर सुरीने कागद कापायला घेतले होते. कर्बीसाठी माझे रक्त तापते. या सुरीपुढे मात्र मी निरुत्तर होतो. स्पायडरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची चोवीस मूळ पाने २००८ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला कोणीतरी दान केली, आणि दात्याने अट घातली की आपले नाव जाहीर करू नये. सरकारी दप्तरात नोंद आहे, शिक्का आहे, अनुक्रमांक आहे. देणाऱ्याची जागा कोरी.

आजोबांची लाकडी पेटी गेल्या दिवाळीत, सावंतवाडीचे घर रिकामे करताना, माझ्या वाट्याला आली. जमिनीचे उतारे, पावत्या, एका फडक्यात बांधलेल्या दौती, आणि तळाशी, वाळवीने एकच कोपरा चाखलेला, तो अंक. त्याला वरून एक नवा जाड कागद शिवला होता, सुबक टाक्यांनी, कचेरीत दप्तर शिवतात तसा, आणि त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते: “चित्रपुस्तक नग १. मुखपृष्ठ व पहिले पान गहाळ. दुकानदारास किंमत चुकती केली. कर्ता”. पुढे दोन बोटे जागा मोकळी, आणि खाली तारीख आणि त्यांची सही. माझ्या भाड्याचा हिशेब आपोआप कसा मिटला, हे कोडे पन्नास वर्षांनी सुटले.

मी अंक उघडला. आता मला हात ओळखता येतात. पहिल्या रे मूरचा मऊ अंधार यात नाही. त्याच्यानंतर आलेल्या विल्सन मकॉयची बाहुल्यांसारखी ताठ माणसे नाहीत. तेव्हा १९६१ पासून ज्याने वेताळ काढला तो साय बॅरी, त्याची ही जाड-बारीक होत जाणारी कुंचल्याची सफाई, यात शंका नाही. मी लेखणीचे टोपण काढले. ‘बॅरी’ असे लिहिणार, तोच मनात आले, की बॅरीच्या मागे मदतनीस होते. जॉर्ज ओलेसन नावाचा माणूस वर्षानुवर्षे शिसपेनीने तीच चित्रे आखून देत असे आणि त्याचे नाव वाचकांना ठाऊक नव्हते. एकाच मुखवट्याआड हात बदलत होते आणि आम्हाला वाटे हा एकच पुरुष आहे. मग ली फॉक? आणि मग तो, ज्याने फँटमचा वेताळ केला? दोन बोटांच्या जागेत हे सगळे मावण्यासारखे नव्हते. शाई निबाच्या टोकाशी वाळू लागली तेव्हा मी टोपण लावले आणि, हाताला कशी कोण जाणे सवय लागली आहे, तो जाड कागद उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलेले नव्हते.